कामात आपला हात शोधायचा: महिनाभराची वही

बेळगावकडच्या लग्नात पंगतीला शेजारी बसलेले पाहुणे विचारतात, "काय करता?" उत्तर येतं, "काही नाही हो, उद्यमबागेत कंपनीत असतो." वडगावात हेच उत्तर "घरचे माग आहेत, दुसरं काय" असं येतं. निपाणीत दिवसभर बिड्या वळणारी बाई सांगते, "घरीच असते." ज्या कामात पंधरा-वीस वर्षं गेली, त्याबद्दल दोन वाक्यंही सुचत नाहीत. हा लेख अशांसाठी आहे. काम सोडायचं नाही, सोडण्यासारखी परिस्थितीही नाही, पण सकाळी डबा भरताना आपण कशासाठी चाललोय हे कळेनासं झालंय, त्यांनी पुढची वही महिनाभर करून पाहावी.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. अर्थ म्हणजे उत्साह नव्हे, आणि तो नोकरी बदलली की आपोआप मिळतो असंही नाही. अमेरिकेत १९९७ साली एमी रझेस्निएव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६ नोकरदारांना आपल्या कामाकडे कसं पाहता, हे विचारलं. काहींना काम म्हणजे पगार, काहींना पुढं जाण्याची पायरी, तर काहींना ते काम स्वतःसाठीच करण्यासारखं वाटत होतं. त्यातल्या कार्यालयीन मदतनीस असलेल्या चोवीस जणांची पदं सारखीच होती, तरी ते या तीन गटांत जवळजवळ सारखे वाटले गेले. म्हणजे खुर्ची एकच असली तरी नजर वेगळी असू शकते. ही नजर मनात आणून येत नाही. आपल्या हातून जाणाऱ्या मालाचा माग काढावा लागतो, आणि त्यासाठी वही लागते.

काय लागेल

शंभर पानी लांब वही, एक पेन, रोज काम सुटल्यावर दहा मिनिटं आणि सलग चार आठवडे. मोबाईलमध्ये लिहू नका. फोन हातात आला की ती दहा मिनिटं व्हॉट्सअॅपवर जातात. वही घरी न्यायची, कारखान्यात ठेवायची नाही. ती दुसऱ्याने वाचली तर पुढच्या पानापासून तुम्ही खरं लिहिणार नाही. वहीचं शेवटचं पान कोरं ठेवा, ते पगारासाठी लागणार आहे.

पहिला आठवडा: कामाचे तुकडे

पानावर चार रकाने आखा: काय केलं, किती मिनिटं, पुढं कुणाकडं गेलं, आणि खूण. काम करताना घड्याळाकडे लक्ष गेलं नसेल तर अधिकची खूण. ओढून न्यावं लागलं असेल तर वजा. इकडचं ना तिकडचं असेल तर शून्य.

बहुतेकांची चूक इथेच होते. पानावर "मोल्डिंग, आठ तास" असं लिहितात आणि समोर वजा मारतात. त्यातून काहीच हाती लागत नाही. मोल्डिंग, म्हणजे ओतकामासाठी वाळूचा साचा करणं, हे एक काम नाही. वाळू मुठीत दाबून ओल बघणं, पॅटर्न पुसणं, वाळू भरून ठोकणं, हवेसाठी भोकं पाडणं, कोर बसवणं, बॉक्स बंद करणं, ओतताना उभं राहणं आणि शेवटी बॉक्स फोडणं, अशी सात-आठ कामं त्यात आहेत. प्रत्येकासाठी वेगळी ओळ लिहा. मागावर असाल तर कांडी बदलणं, तुटलेली तार जोडणं, नवा बीम चढवणं, फणीतून तारा ओढून घेणं हे सगळं वेगळं. मराठी शाळेत शिकवत असाल तर तास घेणं वेगळं, अक्षर दासोहाचा (शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा) हिशेब वेगळा, ऑनलाइन माहिती भरणं वेगळं.

सहा दिवस झाले की रविवारी बेरीज करा. वजा कुठं पडलेत ते नीट बघा. पुष्कळदा वजा कामाला नसतो, खोळंब्याला असतो. वाळू आली नाही, वीज गेली, क्रेन दुसऱ्या बाजूला अडकली, साहेबांची सही मिळाली नाही. मग "मला माझं काम आवडत नाही" हे वाक्य खोटं ठरतं. तुम्हाला ताटकळणं आवडत नाही. हा फरक मोठा आहे, कारण त्यावरचा इलाज वेगळा आहे.

मग पाच प्रश्न विचारा. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या दोघांनी १९७० च्या दशकात कामाची जी पाच अंगं मांडली, ती पन्नास वर्षं झाली तरी उपयोगी पडतात. या कामात वेगवेगळी कसबं लागतात का? एखादी वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्या हातून होते का, की मधला तुकडाच वाट्याला येतो? माझ्या कामाचा कुणावर परिणाम होतो? कसं करायचं हे ठरवायची मोकळीक कितपत आहे? आणि काम बरं झालं की वाईट, हे मला कळतं कसं? प्रत्येकाला शून्य ते पाच गुण द्या. आपल्याकडच्या कारखानी कामात सहसा दुसरा आणि पाचवा प्रश्न मार खातात. तुकडा हातात येतो आणि निघून जातो. त्याचं पुढं काय झालं ते फक्त रिजेक्शनच्या दिवशी कळतं, तेही शिव्यांच्या रूपात.

दुसरा आठवडा: मालामागं जायचं

चारही आठवड्यांत हा सगळ्यात महत्त्वाचा. घाई करू नका.

कोर शॉपमधल्या कामाचं उदाहरण घेऊ. पंपाच्या बॉडीसाठी कोर करायचा आहे, म्हणजे ओतीव वस्तूत पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा ठोकळा. कोरड्या सिलिका वाळूत वजनाच्या साधारण तीन ते पाच टक्के सोडियम सिलिकेट मिसळायचं, कोर बॉक्समध्ये दाबून भरायचं आणि काही सेकंद कार्बन डायऑक्साइड सोडायचा. गॅस कमी पडला तर कोर उचलताना मोडतो. जास्त झाला तर त्या वेळी टणक वाटतो, पण ठेवला की कडा भुसभुशीत होऊन वाळू झडू लागते. पावसाळ्यात कोर दोन दिवस उघडा पडला तर ओल धरतो, आणि ओला कोर साच्यात गेला की वितळलेल्या लोखंडात वायू अडकून आत पोकळी राहते. कोर करणाऱ्याला ही पोकळी दिसत नाही. मोल्डरला दिसत नाही, फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्यांनाही दिसत नाही. मशीन शॉपमध्ये बोअरिंगचं टूल आत गेलं की ती उघडी पडते, आणि तोवर त्या कास्टिंगवर बराच खर्च झालेला असतो.

म्हणून कोर करणाऱ्यानं मशीन शॉपपर्यंत जायचं. तिथं त्याला कळतं की कोर ही टाकाऊ वस्तू नाही. धातू ओतल्यावर ती फोडून काढतात हे खरं, पण पंपातून पाणी जिथून वाहतं ती पोकळी कोरनंच आखलेली असते.

हे करायची रीत अशी:

१. मालावरची ओळख शोधा. कास्टिंगवर हीट नंबर (धातूच्या त्या वितळणीचा क्रमांक) किंवा पॅटर्नचं अक्षर असतं, ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पार्टचं नाव असतं. साडीला डिझाइन नंबर असतो.

२. सुपरवायझरला आधी सांगा. "आमचा माल पुढं कुठं त्रास देतो ते बघायचंय, शिफ्ट सुटल्यावर पंधरा मिनिटं जातो." न सांगता दुसऱ्याच्या शॉपमध्ये फिरलात तर चुगली करायला आला असं वाटतं.

३. पुढच्या माणसाला एकच प्रश्न विचारा: "आमच्याकडून आलेल्या मालात तुम्हाला हातानं काय दुरुस्त करावं लागतं?" चूक कुणाची, हे विचारू नका. तो प्रश्न निघाला की समोरचा तोंड मिटतो.

४. उत्तर वहीत त्याच्याच शब्दांत लिहा. ड्रॉइंगचे फोटो काढू नका. ते गिऱ्हाइकाचं असतं आणि त्यावरून नोकरी जाऊ शकते.

५. आठ-दहा दिवसांनी परत जा आणि फरक पडला का ते विचारा. ही दुसरी खेप लोक गाळतात, आणि खरा फायदा तिच्यातच असतो.

शक्य असेल तर शेवटच्या माणसापर्यंत पोचा. अॅडम ग्रँट यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला होता. त्या देणगीतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी त्यांची पाच-एक मिनिटं गाठ घालून दिली. महिन्याभरानं पाहिलं तर त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता, आणि जमणारे पैसेही तसेच वाढले होते. पगार तोच होता आणि साहेबही तेच. बदललं ते एवढंच की आपलं काम कुणापर्यंत पोचतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

अथणीच्या चपलेच्या कामात हा माग सोपा आहे, कारण चप्पल एकाच गल्लीत पुरी होते. पण तिथं दुसरी अडचण आहे. कातडं कापणं आणि तळ शिवणं बहुतेक पुरुषांकडे, आणि पट्ट्यावरची वेणी बायकांकडे. गिऱ्हाइकाची नजर आधी वेणीवर जाते, पण दुकानात नाव पुरुषाचं. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजापूर हे चार जिल्हेही त्यात आले. जिल्ह्याचं नाव लागलं, पण वेणी घालणारीचं नाव अजून तिच्या घरच्यांनाच लावायचं आहे. घरचं दुकान असेल तर सुरुवात इथून करा: डब्यात जाणाऱ्या चिठ्ठीवर कापणी, शिवण आणि वेणी अशा तीन ओळी ठेवा आणि प्रत्येकीपुढं नाव लिहा.

तिसरा आठवडा: एक बदल, एकच

रझेस्निएव्स्की आणि जेन डटन यांनी २००१ साली रुग्णालयातल्या सफाई कामगारांचं उदाहरण देऊन दाखवलं की माणसं नेमून दिलेलं काम आतून थोडं बदलून घेतात. बदल तीन ठिकाणी करता येतो: प्रत्यक्ष कामात, कामातल्या माणसांशी असलेल्या संबंधात, आणि कामाकडे बघण्याच्या नजरेत. त्यातल्या काही सफाई कामगारांच्या लेखी फरशी पुसणं हा रुग्ण बरा होण्यातला भाग होता, त्यामुळे ते रुग्णांशी बोलत, कुणाला काय हवं-नको ते बघत.

आपल्याला एकच बदल निवडायचा आहे. त्याला चार अटी: रोज पंधरा मिनिटांहून जास्त वेळ लागू नये, दुसऱ्या कुणाचं काम वाढू नये, उत्पादन कमी होऊ नये, आणि नको वाटला तर आठवड्यात मागं घेता यावा. कोर शॉपमध्ये प्रत्येक खेपेवर खडूनं तारीख घालायची आणि जुना कोर आधी वापरला जाईल असा रॅक लावायचा. मागावर तार वारंवार तुटते ती जागा बीमवर लिहून ठेवायची आणि बीम भरणाऱ्याला दाखवायची. पंचायतीच्या कार्यालयात असाल तर मराठी अर्जदाराला कन्नड फॉर्मचा कुठला रकाना अडतो ते टिपून, नमुना भरलेला एक फॉर्म टेबलावर ठेवायचा. शेवटचं उदाहरण लहान वाटेल, पण आपल्या सीमाभागात त्यानं एका माणसाचा अख्खा दिवस वाचतो.

बिघडतं कुठं? उत्साहाच्या भरात तीन-चार बदल एकदम केले जातात, उत्पादन घसरतं, सुपरवायझर सगळंच बंद करतो. दुसरं म्हणजे आपल्या जोडीदाराला न विचारता त्याच्या सवयीला हात लावला जातो. दोन्ही वेळेला बदल वाईट नसतो, रीत चुकलेली असते.

बिडीबद्दल वेगळं लिहायला हवं. हजार बिड्यांमागे मजुरी ठरते, पान कमी निघालं तर भर आपली, छाट (नापास बिड्या) निघाली तर मजुरी कापली जाते, आणि तंबाखूची धूळ छातीत जाते. अशा कामात आतून बदल करायला जागा फार थोडी आहे. तिथं "कामात अर्थ शोधा" असा उपदेश करणं अन्यायाचं होईल. तिथला अर्थ पुष्कळदा बिडीत नसतो. तो आपल्या मजुरीवर पोरांची फी भरली गेली यात असतो, आणि चार बायका एकत्र जाऊन छाटीचा हिशेब मागतात त्यात असतो. वहीच्या तिसऱ्या रकान्यात तेच लिहा: "पुढं कुणाकडं गेलं: धाकटीची फी." रोजची छाट मात्र तारीखवार टिपून ठेवा, बोलायला गेलं की आकडा हाताशी लागतो.

चौथा आठवडा: वाक्य आणि कागद

आता पाहुण्यांना द्यायचं उत्तर तयार करा. त्यात तीन गोष्टी याव्यात: कशावर काम करता, हातात कुठलं कसब आहे, कुणाच्या उपयोगी पडतं. "मी पंपाच्या बॉडीचे कोर करते. कोर बिघडला तर पंपातून पाणी नीट जात नाही." बस्स. कंपनीचं नाव शेवटी, विचारलं तरच. "इंजिनिअरिंग क्षेत्रात कार्यरत" असलं काही लिहू नका, त्यातून तुम्ही दिसत नाही.

हेच वाक्य कन्नडमध्येही पाठ असू द्या: "नानु पंपिन कोर माडतीनि." आपल्याकडं बँकेत, दवाखान्यात, तहसीलमध्ये कन्नडमध्ये विचारतात, आणि तिथं भाषा अडली की माणूस "कूली" म्हणून मोकळा होतो. समोरचा तेच लिहून घेतो आणि पुढची दहा वर्षं सगळ्या कागदांवर तेच राहतं.

कागद हा नुसता मानाचा प्रश्न नाही. किमान वेतन अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि अतिकुशल अशा वर्गवारीनं ठरतं. पंधरा वर्षं मोल्डिंग करणाऱ्याच्या पगारपत्रकावर "हेल्पर" असेल तर त्याची ओळखही गेली आणि पैसेही गेले. तेव्हा नेमणूकपत्र, पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआयचे कागद समोर ठेवा आणि हुद्दा काय लिहिलाय ते वाचा. चुकीचा असेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वहीतल्या पहिल्या आठवड्याचे तुकडे अर्जाला जोडता येतात, कारण तुम्ही खरोखर काय करता याचा तो तपशील आहे.

स्वतःचा धंदा असणाऱ्या चर्मकार, कुंभार, लोहार, सुतार, गवंडी, शिंपी अशा अठरा व्यवसायांसाठी १७ सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्यात प्रमाणपत्र, ओळखपत्र, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि पाच टक्के व्याजानं आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज, अशी सोय केलेली आहे. नोंदणी सामान्य सेवा केंद्रात अंगठा लावून होते आणि एका कुटुंबातून एकालाच घेतात. अर्ज कुणाच्या नावानं करायचा ते घरात बसून ठरवा. अवजार ज्याच्या हातात असतं, त्याचं नाव लागलेलं बरं. मागवाले या अठरांत नाहीत, तेव्हा त्या रांगेत वेळ घालवू नका.

ओळख आणि जात

हा मुद्दा टाळून कामाच्या ओळखीवर लिहिणं खोटं होईल. आपल्या भागात दोन परंपरा रोज कानावर पडतात. एक वारकऱ्यांची: गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. दुसरी बाराव्या शतकातल्या शरणांची, म्हणजे बसवण्णांच्या काळातल्या संतांची: दोर वळणारे नुलिय चंदय्या, नावाडी अंबिगर चौडय्या, कपडे धुणारे मडिवाळ माचय्या. दोन्हीकडे धंदा नावाला जोडलेला आहे, आणि लाज म्हणून नव्हे. शरणांच्या कायकाच्या, म्हणजे काम हीच पूजा या विचारात कुठलंच काम हलकं नाही, आणि त्यातून मिळालेलं एकट्यानं खायचं नाही, त्याला दासोहाची, म्हणजे वाटून खाण्याची जोड हवी.

पण जन्मानं लादलेलं काम आणि निवडलेलं काम यांत फरक आहे. जात ही कामाची नुसती वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच ठणकावून सांगितलं. म्हणून कातडं कमावणाऱ्याच्या मुलाला "बापाचं काम अभिमानानं कर" असं सांगायचा अधिकार कुणालाही नाही. बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कातडं कसं मुरवायचं, हे ज्ञान मोठं आहेच. ते शिकून धंदा करणारा आणि ते सोडून नर्सिंगला जाणारी, दोघंही बरोबर. घरात ही वही करताना मुलांना वाचून दाखवा, पण त्यांच्या हातात देऊ नका.

शेवटचं पान

कोऱ्या पानावर दर महिन्याला चार ओळी लिहा: प्रत्यक्ष तास, हातात आलेला पगार, जादा कामाचे तास आणि त्याचे पैसे, पीएफ जमा झाला का. कारखान्यातल्या कामगाराला जादा तासांचा दर दुप्पट असतो, तो धरून हिशेब जुळवा. २००९ साली प्राणिसंग्रहालयात प्राण्यांची निगा राखणाऱ्यांचा एक अभ्यास झाला. त्यात असं दिसलं की ज्यांना आपलं काम म्हणजे व्रत वाटतं, ते कमी पगार आणि जास्त त्रास सहन करतात, आणि त्यांचा गैरफायदा घेणंही सोपं जातं. अंगणवाडी ताई, आशा कार्यकर्ती आणि खासगी शाळेतल्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको. पुढच्या पानांवर अधिकच्या खुणा वाढत असतील आणि या पानावरचा आकडा घटत असेल, तर आधी पगाराचं बोला.

काम थांबतं तेव्हा

सगळी ओळख एकाच कामात गुंतली की निवृत्ती किंवा कारखाना बंद पडणं फार जड जातं. ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावातली कापड गिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सारं गाव बेकार झालं. मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं राहून अभ्यास केला. लोकांकडे वेळच वेळ होता, वाचनालयाची फीही माफ झाली होती, तरी पुस्तकं नेणारे कमी झाले. रस्त्यावरून चालायचा वेगसुद्धा मंदावला. काम पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देतं, असं याहोडांनी पुढं मांडलं: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, अनेकांनी मिळून करायचं काहीतरी, समाजात एक जागा, आणि नियमित हालचाल.

निवृत्तीला सहा महिने असताना या पाचांची यादी वहीत करा आणि प्रत्येकीपुढं कामाबाहेरची एक तरी जागा भरा. पहाटे शेतावर फेरी, भजनी मंडळ, गल्लीतल्या गणेशोत्सवाचा हिशेब, सोसायटीचं संचालकपद. एकाच जागेनं दोन-तीन रकाने भरले तरी चालतील, पण पाचही एकट्या घरावर टाकू नका. घरातल्या माणसांना ते झेपत नाही.

साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांना हे दरवर्षी करावं लागतं. गळीत संपलं की एका दिवसात शिफ्ट, माणसं आणि हुद्दा तिन्ही जातात. त्यांनी यादी निवृत्तीपर्यंत न थांबवता बॉयलर विझायच्या आधी महिनाभर करावी, आणि पहिला रकाना दिवसाच्या आकाराचा भरावा: सकाळी किती वाजता, कुठं, कुणाबरोबर. हा एक भरला की उरलेले भरणं सोपं जातं.